न धुतलेला गहू

राखताईंना हे नाव कोणी ठेवलं ते आता कोणालाच आठवत नाही, पण नाव बसलं ते बसलंच. काम होतंच तसं. धान्याच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं त्यांनी एकच केलं. शेतांतून आलेला गहू दळायचा, चिनी मातीच्या वाटीत घालायचा, भट्टीत रात्रभर जाळायचा, आणि सकाळी वाटीच्या तळाशी उरलेल्या चिमूटभर पांढऱ्या राखेत लोह किती, जस्त किती, ते काढून तक्त्यात भरायचं. माणसं धान्य खातात, राखताई धान्याची राख करतात आणि वर पगार घेतात, असं त्यांचा नवरा म्हणायचा. तो बिचारा स्वतःच राख झाला त्याला आता दहा वर्षं झाली.

निवृत्तीला तीन महिने उरले होते. तुम्ही म्हणाल, मग काय, आनंदीआनंद! कसला आनंद? राखताई इतक्या दमल्या होत्या, की निवृत्त होऊन करायचं काय, हा विचार करायलाही त्यांच्यात त्राण नव्हतं. प्रयोगशाळेचा जिना अठरा पायऱ्यांचा. पूर्वी त्या एका दमात चढायच्या, हल्ली नवव्या पायरीवर कठड्याला धरून उभ्या राहायच्या. कोणी मागून आलं, की चष्मा पुसत असल्याचं सोंग करायच्या. दिवसभर भट्टीजवळ बसूनही हात गार. वय झालं, दुसरं काय!

खोलीत रोज सकाळी पहिलं काम टेबल पुसायचं. नदीपलीकडे लोखंड गाळायचे कारखाने, त्यांच्या धुराड्यांतून येणारी काळी भुकटी बंद खिडकीच्या फटीतूनही आत यायची. खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या होत्या, तरी ओलं फडकं एकदा फिरवलं की काळंकुट्ट. नमुन्यात धूळ जायला नको म्हणून राखताई टेबल दोनदा पुसायच्या, आणि मग शेतातून आलेला गहू पिशवीतून काढून तसाच दळायला घालायच्या. यातली गंमत बारा वर्षं त्यांच्या लक्षात आली नाही. किंवा आली असेल, त्यांनी लक्ष दिलं नसेल. माणूस स्वतःशीही काय कमी लबाडी करतो?

सगळं सुरू झालं ते सुनेमुळे. सून शाळेत नर्स. मुलगा त्या लोखंडाच्या कारखान्यातच पाळीवर, त्यामुळे घरात बोलणं व्हायचं ते सासू-सुनांचंच. दोघींचं बरं जमायचं. म्हणजे भांडण दिवसातून एकदाच व्हायचं.

त्या दिवशी संध्याकाळी सून शाळेतून आली, पिशवी खुर्चीवर टाकली आणि चहासुद्धा न घेता समोर बसली.

"आई, तुमच्या गव्हाचं आणि माझ्या पोरांचं काही जमत नाही बघा."

"का? काय केलं माझ्या गव्हानं?"

"एकशे बारा पोरांच्या बोटाला सुई टोचली. एकसष्ट पोरांत रक्त कमी. अर्ध्याहून जास्त! खेळाच्या तासाला पोरं भिंतीला टेकून बसतात. मास्तर म्हणतात आळशी आहेत. अहो, आळशी कसली, अंगात रक्तच नाही तर धावतील कशी?"

"खात नसतील नीट."

"खातात! मी उभी असते ना समोर. तुमच्याच खोऱ्यातल्या गव्हाचं खातात." सुनेनं पिशवीतून एक कागद काढला. "शाळेच्या पिठात पूर्वी लोहाची पूड मिसळायचे, ती नऊ वर्षांपूर्वी बंद केली. म्हणून मी आहार समितीला पत्र लिहिलं, की ती परत सुरू करा. त्यांनी उत्तर काय पाठवलं, बघा."

राखताईंनी चष्मा लावला. समितीचं पत्र दोन ओळींचं होतं. स्थानिक गव्हात लोहाचं प्रमाण पुरेसं असल्यानं वेगळी पूड मिसळण्याची गरज नाही, सोबत अहवाल जोडला आहे. जोडलेला अहवाल त्यांचाच होता. लोह, किलोमागे चव्वेचाळीस मिलिग्रॅम. खाली त्यांची सही, शेपूट लांब काढलेली.

"आता मी कोणाशी भांडू?" सून म्हणाली. "घरातच शत्रू."

"माझ्या हातचे आकडे आहेत ते. भट्टी खोटं बोलत नाही," राखताई म्हणाल्या. आवाज जरा चढलाच.

"मी कुठं म्हणते बोलते म्हणून? मग आपल्या काडीला काय झालंय, ते तरी सांगा."

काडी म्हणजे नात. सात वर्षांची, अंगाने तशीच, म्हणून काडी. ती पलीकडच्या खोलीत दप्तरावर डोकं ठेवून झोपली होती. संध्याकाळचे सहासुद्धा वाजले नव्हते. त्या एकसष्टांत तीही होती.

राखताईंनी उठून काडीच्या डोक्याखाली उशी सरकवली आणि खिडकी बंद केली.

रविवारी सुनेनं गच्चीवर गहू धुवायला काढला. त्यांच्याकडे महिन्याचा गहू एकदम धुऊन, चादरीवर वाळवून मग गिरणीत द्यायची पद्धत. गावात सगळ्यांकडेच तशी. इतक्या धुळीत न धुता दळणार कोण? राखताईंना खाली वाकवत नव्हतं, म्हणून त्या स्टुलावर बसून नुसत्या बघत होत्या. सुनेनं घमेल्यात गहू ओतला, पाणी सोडलं, हातानं खळबळवलं. पाणी शाईसारखं काळं झालं.

"घ्या! कारखान्याची भेट," सून म्हणाली आणि पाणी मोरीत ओतून दिलं. "तुमचा मुलगा पगार घरी आणतो पहिल्या तारखेला, आणि हे मात्र रोज."

दुसरं पाणी करडं आलं. तिसरं जरा बरं.

"तीन पाणी लागतात बाई हल्ली," सून पुटपुटली.

तीन पाणी. राखताई स्टुलावरून उठल्या आणि घमेल्यातलं पाणी बघायला लागल्या. आता हे तुम्हाला नीट सांगायला हवं, नाहीतर म्हातारीला घमेल्यात भूत दिसलं असं वाटायचं.

सत्तावीस वर्षांपूर्वी राखताई नोकरीला लागल्या तेव्हा त्यांना काम शिकवणारे एक जुने मास्तर होते. त्यांचा पहिला नियम होता, दाणा दळायच्या आधी तीन पाण्यांनी धुवायचा, तेही यंत्रातून गाळलेल्या शुद्ध पाण्यानं, आणि टीपकागदावर वाळवायचा. "आपल्याला दाण्याच्या पोटात काय आहे ते मोजायचंय," ते म्हणायचे, "त्याच्या अंगरख्यावर काय पडलंय ते नाही." एका खेपेचे नमुने धुवायला अर्धा दिवस जायचा. अहवालाच्या छापील कागदावर पहिलीच ओळ होती, 'नमुने तीनदा धुऊन व वाळवून घेतले.'

बारा वर्षांपूर्वी पाणी गाळायचं यंत्र बिघडलं. तेव्हाच नवऱ्याच्या छातीचं दुखणं बळावलं होतं. तो दुपारी एकटा असायचा, खोकल्याची उबळ आली की पाणी द्यायलाही कोणी नाही. राखताईंनी मनाशी म्हटलं, या वर्षी नुसता पाखडून घेऊ, एका हंगामानं काय होतंय? अर्धा दिवस वाचला आणि त्या दुपारी घरी जायला लागल्या. कोणाला विचारलं नाही, कोणाला सांगितलं नाही. मास्तर तोवर निवृत्त झाले होते. यंत्र दुसऱ्या वर्षी दुरुस्त झालं. पण तोवर हातालाही सवय झाली होती आणि नवराही बरा झाला नव्हता. मग तो गेला, आणि सवय तेवढी उरली. छापील ओळीखाली त्या दरवर्षी सही करत राहिल्या. छापील ओळ वाचतंय कोण!

नवऱ्याच्या उशाशी घालवलेल्या दुपारांचा त्यांना कधीच पश्चात्ताप झाला नाही, त्या रविवारीही झाला नाही. पण तो गेल्यावर? मग दुपारी घरी जाऊन त्या काय करत होत्या? झोपत होत्या. दमायला व्हायचं म्हणून झोपत होत्या.

सोमवारी राखताईंनी कोणाला काही न सांगता यंदाच्या नमुन्यातला मूठभर गहू काचेच्या पात्रात घेतला, शुद्ध पाणी ओतलं, आणि ढवळायच्या यंत्रावर ठेवला. या यंत्रात एक बोटाच्या पेराएवढी चुंबकाची कांडी असते, ती पाण्यात टाकली की आपोआप गरगर फिरते. पाच मिनिटांनी त्यांनी ती चिमट्यानं बाहेर काढली आणि बघतच राहिल्या. पांढऱ्याशुभ्र कांडीला दोन्ही टोकांना काळी दाढी फुटली होती. बारीक बारीक केस, पुसले तर बोटाला चिकटणारे.

लोखंड. किलोमागे चव्वेचाळीस मिलिग्रॅम म्हणून बारा वर्षं छाती फुगवून सांगितलेलं लोखंड, ते असं सालीवर बसलेलं. घराघरांतल्या बाया ते तीन पाण्यांनी धुऊन मोरीत ओतत होत्या. शाळेच्या स्वयंपाकघरातही धुतच होत्या. आणि न धुता खाल्लं असतं तरी त्या काजळीनं कोणाच्या अंगात रक्त भरणार होतं?

"अगं बाई गं," राखताई खुर्चीत बसल्या. मग उठून दार लावलं आणि परत बसल्या.

पुढचे तीन दिवस त्यांनी जुन्या पद्धतीनं काम केलं. तळघरात दरवर्षीच्या नमुन्यांच्या बरण्या जपून ठेवलेल्या असतात, त्या एकेक करून वर आणल्या. अठरा पायऱ्या वर, अठरा खाली. तीन पाणी, टीपकागद, दळण, भट्टी. गुरुवारी सकाळी आकडे हातात आले. तेरा वर्षांपूर्वीचा गहू, मास्तरांच्या नियमानं धुतलेला, एक्केचाळीस. यंदाचा न धुतलेला, चव्वेचाळीस. यंदाचाच, धुतलेला, सव्वीस. मधली वर्षं पायरी पायरीनं उतरत आलेली. जस्ताचंही तेच, आणि जस्त तर न धुतलेल्या आकड्यांतही हळूहळू घसरत होतं. त्यांनी स्वतःच्या हातानं ते दरवर्षी लिहिलं होतं. लोह चांगलं आहे ना, मग जस्ताकडे कोण बघतो?

धुरानं दाण्याचं पोट नेमकं कसं रिकामं होतं, यावर मोठमोठे संशोधक भांडतात. कोणी म्हणतं पानांवर काजळी बसून झाडाचा दम कोंडतो, कोणी म्हणतं धुरातलं आम्ल मातीत उतरतं आणि मुळांना हवं ते मिळत नाही. राखताईंना ते ठरवायचं नव्हतं. त्यांचं काम मोजायचं होतं, आणि त्यांनी बारा वर्षं तेवढंच नेमकं केलं नव्हतं.

राखताई प्रयोगशाळेच्या साहेबांकडे गेल्या. साहेब चाळिशीचे, माणूस वाईट नाही, डोळे सतत चुरचुरतात म्हणून खिशात थेंबांची बाटली. राखताईंनी सगळं सांगितलं, काहीही हातचं न राखता. यंत्र बिघडल्यापासून ते चुंबकाच्या दाढीपर्यंत. साहेबांनी एका डोळ्यात थेंब घातला, दुसऱ्यात घालायचे विसरले.

"हे आणखी कोणाला माहीत आहे?"

"तुम्हाला."

"मग असं करू," साहेब म्हणाले. "यंदापासून धुवायला लागा. आकडा सव्वीस येईल. आपण लिहू, हंगाम खराब होता. पुढच्या वर्षी तुमच्या जागी येणारा धुईलच. हळूहळू सगळं आपोआप मार्गी लागेल. मागचं उकरून कोणाचं भलं होणार आहे?"

"समिती एका हंगामाच्या आकड्यावर काही करत नाही, साहेब. पाच वर्षं बघतात. पूड बंद केली तेव्हाही पाच वर्षांचेच आकडे बघितले होते. मास्तरांच्या नियमानं धुतलेली दोन, आणि माझी न धुतलेली तीन चढती."

"ताई, तीन महिने राहिलेत तुमचे. चौकशी लागेल. सत्तावीस वर्षांच्या नोकरीचा निरोप असा घ्यायचाय का? लोक म्हणतील, बाईनं खोट्या सह्या केल्या."

"केल्याच आहेत."

"कशाला ओढवून घेता? घरी जा, दोन दिवस रजा घ्या. दमलेल्या दिसताय."

हे मात्र खरं होतं. राखताई इतक्या दमल्या होत्या, की साहेबांचं ऐकून घरी जाऊन पांघरूण घेऊन पडावं, असं त्यांना मनापासून वाटलं. मूग गिळून तीन महिने काढणं काही अवघड नव्हतं. त्यांना बारा वर्षांचा सराव होता. त्यांनी दाराच्या कडीला हात घातला आणि तशाच उभ्या राहिल्या. पाच वर्षांनी काडी बारा वर्षांची होईल. आत्ताच ती सहाच्या आत झोपते.

"साहेब, जुन्या अहवालांच्या कपाटाची किल्ली द्या," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"चूक दुरुस्त करायचीय. नियमानं."

साहेबांनी बराच वेळ किल्ली हातात धरून ठेवली. मग टेबलावर ठेवली आणि राहिलेल्या डोळ्यात थेंब घालायला तोंड वर केलं, म्हणजे काय चाललंय ते त्यांना दिसायला नको.

प्रयोगशाळेत चूक कशी दुरुस्त करतात, त्याचाही नियम आहे. खोडरबर चालत नाही, पांढरा रंग चालत नाही, पान फाडणं तर पापच. चुकीच्या शब्दांवर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरं लिहायचं, सही करायची, तारीख टाकायची. राखताईंनी बारा अहवाल टेबलावर मांडले. 'नमुने तीनदा धुऊन व वाळवून घेतले' यावर रेघ. शेजारी, 'नमुने न धुता घेतले.' सही. आजची तारीख. सहाव्या कागदाला हात भरून आला, तेव्हा त्या थोडा वेळ डोकं टेकून बसल्या. बाराही झाल्यावर धुतलेल्या बरण्यांचे नवे आकडे वेगळ्या तक्त्यात लिहिले, खाली दोन ओळींत झालं ते कोणामुळे झालं ते लिहिलं, आणि सगळ्याच्या प्रती समितीच्या पत्त्यावर स्वतः नेऊन पोचवल्या. पोच घेतली, घडी करून पर्समध्ये ठेवली.

घरी आल्या तेव्हा सून काडीला भरवत होती. काडी चावायचाही कंटाळा करत होती.

"तुझ्याशी बोलायचंय," राखताई म्हणाल्या, आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. बसून सांगायचा धीर झाला नाही.

सुनेचा हात घासासकट मध्येच थांबला.

"बारा वर्षं?" ती म्हणाली. "आई, ही सात वर्षांची आहे."

"हो."

"मी पत्रं लिहीत होते. मी शाळेतल्या मास्तरांशी भांडत होते. आयांना सांगत होते, तुम्ही नीट खायला घालत नाही म्हणून. एका आईला तर मी रडवलंय!" तिचा आवाज फुटला. "आणि तुम्ही रोज इथं बसून माझं सगळं ऐकत होतात."

"मला माहीत नव्हतं गं."

"तुम्हालाच तर माहीत असायला हवं होतं! दुसऱ्या कोणाला माहीत असणार?"

राखताईंना रडायला आलं, पण आपण रडायला लागलो तर सुनेला समजूत घालावी लागेल, आणि तेवढंही ओझं आज तिच्यावर टाकायचा आपल्याला हक्क नाही, असं वाटून त्यांनी ते गिळलं. खोलीत जायला वळल्या. उंबऱ्याशी डोळ्यांपुढे अंधारी आली आणि त्यांनी चौकट धरली. सवयीनं चष्मा काढून पुसायला लागल्या.

सून बघत होती. तिनं घास ताटात ठेवला, हात धुतले, शाळेची पिशवी ओढली.

"बसा इथं."

"काही नाही गं, वय—"

"बसा म्हणते ना!" ती रागानंच बोलत होती. राखताईंचा हात तिनं ओढून घेतला, बोट दाबलं, कापसानं पुसलं आणि सुई टोचली. थेंब यायला वेळ लागला. आला तोही फिका. तो पट्टीवर घेऊन तिनं छोट्या यंत्रात सरकवला. दोघी त्या पडद्याकडे बघत राहिल्या. काडीही खुर्चीवर गुडघे टेकून वाकली.

सात पूर्णांक चार.

एकसष्ट पोरांत कोणाचाच आकडा इतका खाली नव्हता. सुनेनं पट्टी बदलून दुसऱ्या बोटाला सुई टोचली. पुन्हा तेच.

"आई," ती म्हणाली. राग अजून होताच, पण आता तो कुठे ठेवायचा ते तिला कळेना. "अहो, हे वय नाहीये. तुम्ही कधीपासून अशा दमताय?"

राखताईंनी हिशेब केला. नवव्या पायरीचा, दुपारच्या झोपेचा, गार हातांचा. त्यांना सगळं एकदम लख्ख दिसलं. टोचलेलं बोट त्यांनी कापसात दाबून धरलं. सुनेनं पिशवीतून शाळेची वही काढली होती, पण हातात पेन घेऊन ती नुसतीच बसली होती.

"लिही," राखताई म्हणाल्या. "जे आलंय तेच लिही. खाली तारीख टाक."